अनुभवी मैत्रिणीसोबत पहिली परदेशवारी : शहर आधी ठरवावे की खर्च?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही नागपुरातील एका अनुदानित शाळेत शिक्षिका आहात आणि पासपोर्ट नुकताच हातात आला आहे. कॉलेजपासूनची तुमची मैत्रीण पुण्यात नोकरीला असून तिने युरोपसह बरेच देश पाहिले आहेत, आणि दिवाळीच्या सुट्टीत पाच रात्रींसाठी तुम्हाला सिंगापूरला नेण्याचा तिचा आग्रह आहे. तुमच्याजवळ सर्व मिळून ७५,००० रुपये आहेत, तुम्ही शाकाहारी आहात, आणि ‘तू फक्त बॅग भर, बाकी मी बघते’ असे ती म्हणते. या रकमेत सिंगापूर होईल का, होत नसेल तर कोणते शहर घ्यावे, आणि विमानकंपनीच्या योजनेत तिच्या खात्यात जमलेल्या पॉइंटवर ती तुमचे तिकीट काढून देत असेल तर ते स्वीकारावे का, एवढे तुम्ही विचारले आहे. मी नागपूरच्या धरमपेठेतून बरीच वर्षे लोकांच्या परदेश सहलींचे नियोजन करून देते, त्या अनुभवावरून उत्तर देते.

तुम्ही शहर विचारले आहे, पण माझ्या मते खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. दोघींची ऐपत वेगळी आहे आणि दोघींची नजरही वेगळी आहे, आणि या दोन गोष्टी तिकीट काढण्यापूर्वी उघडपणे बोलल्या गेलेल्या नाहीत. एकत्र सहलीचा खर्च नेहमी जिच्याकडे कमी पैसे आहेत तिच्या मर्यादेवर ठरला पाहिजे, आणि तो आकडा तिनेच प्रथम स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. याचे कारण असे की सहलीत मोठे खर्च घरी बसून ठरतात, मात्र बजेट बिघडते ते जागेवरच्या छोट्या निर्णयांनी. मेट्रोने जायचे की टॅक्सीने, नाश्ता हॉटेलात घ्यायचा की रस्त्यापलीकडच्या दुकानात, मनोऱ्यावर तिकीट काढून चढायचे की खालून पाहायचा, असे निर्णय दिवसातून अनेकदा घ्यावे लागतात. अशा प्रत्येक वेळी कमी पैसेवाली भिडेपोटी ‘चालेल’ म्हणते, दुसरीला त्याची कल्पनाही नसते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या भिडेचा रुसवा होतो. यात वाईट कोणीच नसते. आकडा सांगितलेला नसतो, एवढेच.

म्हणून दोन मैत्रिणी माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांना दोन कोरे कागद देते आणि एकमेकींचे न पाहता चार गोष्टी लिहायला सांगते : एकूण किती रुपये खर्च करता येतील, कोणत्या तीन गोष्टी केल्याच पाहिजेत, कोणती एक गोष्ट अजिबात नको, आणि सुट्टीत सकाळी किती वाजता उठणार. एकदा प्रतापनगरच्या एका बाईंनी आपला आकडा लिहिला, शेजारच्या कागदाकडे त्यांची नजर गेली, आणि त्यांनी तो खोडून वर मोठा आकडा लिहिला. मी तो कागद घेतला नाही. खोडलेला आकडा पुन्हा लिहून द्या, असे त्यांना सांगितले, कारण मला नियोजन त्याच आकड्यावर करायचे होते. त्यांची मैत्रीण हे सारे पाहत होती आणि तिने स्वतःहून स्वस्त हॉटेल चालेल असे सांगितले. उठण्याच्या वेळेचा प्रश्न काहींना किरकोळ वाटतो, पण एक सहाला उठणारी आणि दुसरी दहाला उठणारी असेल तर प्रत्येक दिवसाचे चार तास त्यातच जातात. तुम्ही दोघींनी हे चार प्रश्न फोनवर न बोलता लिहूनच एकमेकींना पाठवावेत, असा माझा आग्रह आहे, कारण लिहिताना भीड कमी आड येते.

तुमच्या मैत्रिणीचा अनुभव हा तुमचा मोठा आधार आहे, आणि तो पुरेपूर घ्यावा. विमानतळावरच्या रांगा, हॉटेलची पारख, नकाशा वाचणे, खिसेकापू, फसवे टॅक्सीवाले या बाबतीत तिचे ऐकावे. मात्र किती खर्च करायचा आणि किती चालायचे हे तिच्या अनुभवावर सोडू नये. खूप फिरलेल्या माणसाची चाल वेगवान झालेली असते, त्याला पहिल्यांदा पाहण्याचे अप्रूप उरलेले नसते, आणि जे तुम्हाला उभे राहून अर्धा तास पाहावेसे वाटेल ते त्याला पाच मिनिटांचे वाटते. तुमच्या पहिल्या प्रवासावर तुमचाही हक्क आहे.

आता शहरांकडे येऊ. यातील बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे : तुमची सुट्टी नेमकी कधी सुरू होते, किती आधी तिकीट काढता, आणि त्या वेळी व्हिसाचे नियम काय आहेत. नियम बदलत असतात, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी त्या देशाच्या दूतावासाचे अधिकृत संकेतस्थळ पाहणे आवश्यकच आहे. तारखांबाबत एवढेच सांगते की लक्ष्मीपूजनाच्या आसपासची तिकिटे सर्वांत महाग असतात, तेव्हा भाऊबीज आटोपून निघावे. शाळेकडून परदेशी जाण्याची रीतसर परवानगी तिकिटाच्या आधी लेखी घ्यावी.

सिंगापूर तुमच्या रकमेत अगदीच अशक्य नाही, पण ओढाताण होईल. भारतीयांना तेथे व्हिसा लागतो, त्याचे शुल्क ३० सिंगापूर डॉलर असते आणि अर्ज साधारणपणे अधिकृत एजंटमार्फत जातो. तेथील मेट्रो स्वस्त आहे, हॉकर सेंटरमधले, म्हणजे एका छताखालच्या खाद्यगाड्यांवरचे, जेवणही परवडते, पण रात्र महाग आहे. नीटनेटकी खोली घ्यायची तर पाच रात्रींच्या भाड्यातच तुमच्या रकमेचा फार मोठा भाग जाईल, आणि मग उरलेल्या पैशांत तुम्ही प्रत्येक तिकीट-खिडकीपाशी हिशेब करत उभ्या राहाल. बँकॉक स्वस्त आहे आणि जुलै २०२४ पासून भारतीयांना पर्यटनासाठी तेथे व्हिसाची सूट मिळाली; मात्र मे २०२५ पासून आगमनाचा डिजिटल फॉर्म प्रवासाच्या आधीच्या तीन दिवसांत भरावा लागतो. तो विनामूल्य आहे, पैसे मागणारी संकेतस्थळे टाळावीत. अडचण आहे ती शाकाहाराची, कारण तेथे भाजीतही माशाचा सॉस सर्रास पडतो. व्हिएतनाममधल्या हनोईला २५ अमेरिकी डॉलरचा ई-व्हिसा लागतो, शहर फार सुंदर आहे, पण पहिल्याच परदेशवारीत, शाकाहारी व्यक्तीला, ते मी सुचवणार नाही.

तुमच्यासाठी माझे मत क्वालालंपूरचे आहे. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसामुक्त प्रवेश दिला आणि ती सवलत पुढे ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली. तेथेही पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन-पत्र विनामूल्य भरावे लागते. शहरात तमिळ वस्ती जुनी आणि मोठी असल्याने शाकाहारी जेवणाची चिंता जवळपास मिटते, इंग्रजीवर सगळे काम होते, आणि तुमच्या मैत्रिणीला सिंगापुरात जे नेटके, आधुनिक शहर दाखवायचे आहे, ते येथे कमी खर्चात दिसते.

पैसे कसे वाचतात हे एका उदाहरणाने दाखवते. विमानतळ सेपांगला, शहरापासून ५० किलोमीटरहून दूर आहे. केएल (क्वालालंपूर) सेंट्रल स्थानकापर्यंत जलद रेल्वे २८ मिनिटांत नेते आणि तिचे तिकीट माणशी ५५ रिंगिट (मलेशियाचे चलन) आहे. एकट्या प्रवाशाला ही रेल्वे योग्य, पण तुम्ही दोघी आहात, म्हणजे ११० रिंगिट झाले; तेवढ्यात किंवा बहुधा त्याहून कमी पैशांत ॲपवरून बोलावलेली ग्रॅबची गाडी हॉटेलच्या दाराशी सोडते. बस सर्वांत स्वस्त, तिला तासभर लागतो. रात्री उशिरा उतरलात तर गाडी घ्यावी, दिवसा उतरलात तर बस घ्यावी, आणि रेल्वे त्या दिवशीच घ्यावी जेव्हा परतीच्या विमानासाठी पोहोचायला तुम्हाला उशीर होण्याची भीती असेल. अशा निवडी तुमची मैत्रीण सहज करील, फक्त तिला तुमची मर्यादा ठाऊक असायला हवी.

मुक्काम केएल सेंट्रलजवळच्या ब्रिकफील्ड्स भागात घ्यावा. बुकित बिनतांग हा खरेदीचा झगमगता भाग मैत्रीण सुचवील, पण तेथे भाडे जास्त आणि रात्री गोंगाट असतो. ब्रिकफील्ड्समधून लोकल, मेट्रो आणि मोनोरेल पायी अंतरावर आहेत. खोली घेताना दोन वेगळे पलंग असलेली मागावी, हे आरक्षणातच नमूद करावे. परदेशी पाहुण्यांकडून प्रत्येक खोलीमागे प्रत्येक रात्री १० रिंगिट पर्यटन कर घेतला जातो. ऑनलाइन दाखवलेल्या भाड्यात तो बहुधा धरलेला नसतो आणि काउंटरवर द्यावा लागतो, शिवाय अनेक हॉटेले परत मिळणारी अनामत रक्कमही घेतात. हे माहीत नसल्यास पहिल्याच रात्री फसवल्यासारखे वाटते, म्हणून आधी सांगितले.

जेवणाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण बजेट सांभाळायला याचीच सर्वांत जास्त मदत होते. ब्रिकफील्ड्समध्ये दुपारी केळीच्या पानावर भात, दोन-तीन भाज्या, रसम आणि पापड मिळतो आणि भाज्या पुन्हा वाढतात. सकाळी मामाक म्हणजे तमिळ मुस्लिमांच्या दुकानांत रोटी चनाई घ्यावी. कारागीर तेल लावलेला मैद्याचा गोळा हातावर आपटत, हवेत फिरवत कागदासारखा पातळ करतो, त्याची घडी घालतो आणि तव्यावर टाकतो. ती गरम रोटी डाळीच्या वाटीबरोबर येते. मात्र डाळीऐवजी किंवा डाळीवर माशाचा वा कोंबडीचा रस्साही वाढला जातो, म्हणून ताट येण्यापूर्वीच ‘फक्त डाळ’ असे स्पष्ट सांगावे. नासी लमाक हा नारळाच्या दुधातला भात दिसायला निरुपद्रवी असतो, पण त्याच्यासोबतच्या तिखट सांबालमध्ये सुकी मासळी असते. तुमची मैत्रीण मांसाहारी असेल तर जालान अलोरची खाऊगल्ली तिला आवडेल. तेथे तिने जेवावे आणि तुम्ही फळे किंवा नारळपाणी घेऊन तिच्यासोबत बसावे, त्यासाठी फारसा खर्च लागत नाही.

पाहण्यासारख्या बऱ्याच गोष्टींना तिकीट नाही. बातू केव्हजला केएल सेंट्रलवरून थेट लोकल जाते. २७२ पायऱ्या, शेजारी मुरुगनची (कार्तिकेयाची) ४२.७ मीटर उंचीची सोनेरी मूर्ती, वर चुनखडीची प्रचंड गुंफा आणि आत मंदिर. मुख्य गुंफेला प्रवेश विनामूल्य आहे. ऊन चढण्यापूर्वी, सकाळी लवकर जावे, गुडघे झाकणारे कपडे घालावेत आणि माकडांसमोर पिशवी उघडू नये. मर्डेका चौक, जेथे ३१ ऑगस्ट १९५७ रोजी मध्यरात्री ब्रिटिश झेंडा उतरवला गेला, आणि दोन नद्यांच्या संगमावरची १९०९ सालची जामेक मशीद, ही दोन्ही ठिकाणे पायी एका फेरीत होतात. पेट्रोनास हे जुळे मनोरे ४५२ मीटर उंच आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या ४१ व्या-४२ व्या मजल्यांवरच्या पुलावर जाण्याचे तिकीट महाग आहे. माझ्या मते ते मनोरे खालच्या केएलसीसी बागेतून, संध्याकाळी दिवे लागल्यावर आणि तळ्यातली कारंजी सुरू झाल्यावर, अधिक चांगले दिसतात. मैत्रिणीला वर जायचे असेल तर तिने जावे. सोमवारी मात्र ते बंद असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तेथे दुपारी जोराचा पाऊस येतो, म्हणून बाहेरची ठिकाणे सकाळी आणि संग्रहालये, बाजार दुपारनंतर ठेवावेत. उन्हाची सवय नागपूरकरांना असते, पण तेथील हवा दमट असते, घाम सुकत नाही, त्यामुळे चालण्याचा अंदाज आपल्याकडच्यापेक्षा कमीच धरावा.

आता तुमचा हिशेब मांडते. हे माझे नियोजनाचे आकडे आहेत, प्रत्यक्ष भाव तारखेनुसार कमी-जास्त होतील. नागपूरपासून नागपूरपर्यंत विमानाचे ३३,००० रुपये धरावेत. दोघींची खोली रात्री ४,००० रुपयांची घेतली तर तुमचा वाटा पाच रात्रींचा १०,००० रुपये, आणि एक रिंगिट २२ रुपये धरून पर्यटन कराचा तुमचा वाटा ५५० रुपये. सहा दिवसांचे जेवण रोज १,२०० प्रमाणे ७,२०० रुपये, तेथील सर्व प्रवास ४,५००, तिकिटे ४,०००, आणि विमा व इंटरनेट मिळून २,०००. ही बेरीज ६१,२५० रुपये होते. त्यावर ७,५०० रुपये हात न लावण्यासाठी वेगळे ठेवावेत, म्हणजे खरेदीला ६,२५० रुपये राहतात. एवढ्यातच खरेदी बसवावी, आणि हे मैत्रिणीलाही आधीच सांगावे. विमा काढताना त्यात वैद्यकीय उपचारांचा खर्च समाविष्ट आहे याची खात्री करावी, कारण परदेशात एका दिवसाचा दवाखानाही सगळी सहल बुडवू शकतो.

दोघींच्या पैशांसाठी एक सामाईक पाकीट करावे. रोज सकाळी दोघींनी त्यात सारखी रक्कम टाकावी आणि गाडी, मेट्रो, पाणी, एकत्र घेतलेला चहा एवढाच खर्च त्यातून करावा; जेवण, तिकिटे आणि खरेदी ज्याची त्याने. आरक्षणे मैत्रीण करणार असेल तर पाकीट तुमच्याकडे असावे. यामागे अविश्वास अजिबात नाही. हिशेब दोघींच्या नजरेसमोर राहतो आणि पहिल्यांदा प्रवास करणारी व्यक्ती केवळ मागे चालणारी राहत नाही. कार्डाबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. बहुतेक क्रेडिट कार्डांवर परदेशी व्यवहाराला साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणून बँकेचे फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवलेले कार्ड) आणि थोडी रोकड बरी. आणि दुकानातील यंत्र रुपयांत रक्कम घेऊ का असे विचारते तेव्हा ‘नाही, रिंगिटमध्येच’ असे सांगावे, कारण रुपयांतला दर जवळजवळ नेहमीच वाईट असतो. तेथे तीन चौकोनी पिनांचा प्लग असतो, ॲडॅप्टर इतवारीतून घेऊन जावा.

नागपूरहून जाण्याबद्दल. येथून आग्नेय आशियाला थेट विमान नाही, आणि मैत्रीण पुण्याची आहे, तेव्हा दोघींची भेट मुंबईतच सोयीची. देशांतर्गत आणि परदेशी टप्पा एकाच तिकिटावर मिळाला तर थोडे जास्त पैसे देऊनही तोच घ्यावा. पहिले विमान उशिरा आले तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. वेगवेगळी तिकिटे घेतली तर पुढचे विमान तुमच्या हिशेबाने बुडते, सामान स्वतः काढून पुन्हा द्यावे लागते, आणि मुंबईत दोन टर्मिनलांमधले अंतर रस्त्याने कापावे लागू शकते. पैसे वाचवायचेच असतील तर दुरांतोने रात्री निघून सकाळी मुंबईला पोहोचावे, दिवस ठाण्या-डोंबिवलीच्या नातेवाइकांकडे काढावा आणि रात्रीचे विमान घ्यावे; गाडी काही तास रखडली तरी घोर लागत नाही. रात्री बारानंतरच्या विमानाची तारीख नीट पाहावी. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००:२० असेल तर तुम्हाला विमानतळावर १४ तारखेच्या रात्री पोहोचायचे असते, आणि या घोळात शिकलेली माणसेही अडकतात.

मैत्रिणीला नाराज न करता थोडा वेळ स्वतंत्र कसा काढावा, हे तुम्ही विचारले नाही, पण सांगणे मला गरजेचे वाटते. एक अर्धा दिवस वेगळे फिरायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. आधी ठरलेले असले की ते रुसून गेल्यासारखे दिसत नाही. तुम्ही त्या वेळात तिकीट यंत्रातून स्वतः टोकन काढून दोन स्थानके जाऊन आलात, तरी पुढच्या प्रवासाचा आत्मविश्वास त्यातून येईल. भेटण्याची जागा आणि वेळ कागदावर लिहून जवळ ठेवावी, कारण मोबाइलची बॅटरी संपू शकते.

शेवटी पॉइंटवरच्या तिकिटाचा प्रश्न. ते स्वीकारायला हरकत नाही, मात्र त्याचा हिशेब आधी व्हावा. पॉइंट वापरले तरी कर आणि शुल्क रोख भरावे लागते, तिकीट रद्द झाल्यास पॉइंट तिच्याच खात्यात परत जातात, आणि काही कंपन्या खात्यात आधी नोंदवलेल्या व्यक्तींसाठीच पॉइंट वापरू देतात. म्हणून तिला आधी तिच्या योजनेचा नियम पाहायला सांगा. कर तुम्ही भरा, तेच तिकीट त्या दिवशी रोखीने किती रुपयांना मिळाले असते ते दोघींनी लिहून ठेवा, आणि ती भेट आहे की उधारी, हे तिच्याकडूनच स्पष्ट करून घ्या. उधारी असेल तर खोलीचे संपूर्ण भाडे तुम्ही भरून फेड सुरू करा. भेट असेल तर मनापासून घ्या आणि वरच्या हिशेबातील वाचलेली रक्कम राखीव पैशांत टाका. तिकीट काढण्यापूर्वी तुमच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो तिला पाठवा. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव त्याच रकान्यात असते, आणि मैत्रिणीला तुमचे नाव कॉलेजपासून पाठ असले तरी तिकिटावर ते पासपोर्टप्रमाणेच, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने यायला हवे.